नोड नेमका कुठे अडला?

आजचा महासंगणक म्हणजे बहुतेक वेळा नेटवर्कने एकत्र बांधलेल्या शेकडो सर्व्हरचा ताफाच असतो. त्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. अनेक ठिकाणी या नोडमध्ये डिस्क बसवतच नाहीत. सुरू होताना प्रत्येक नोड आपली कार्यप्रणाली नेटवर्कवरून मागून घेतो. व्यवस्था सुटसुटीत आहे, पण नोड सुरू झाला नाही की गोंधळ उडतो. कुणी केबल बदलतो, कुणी सर्व्हर रीस्टार्ट करतो, कुणी सगळ्याच सेटिंगना हात लावतो. खरे तर हा बिघाड अंदाजाने शोधायचा नसतोच. नेटवर्कवरून होणाऱ्या बूटमध्ये प्रत्येक टप्पा आधीचा पार पडल्याशिवाय सुरू होत नाही. त्यामुळे नोड कुठवर पोहोचला हे कळले, की त्याआधीच्या बहुतेक गोष्टी ठीक आहेत हेही कळते आणि शोधाची जागा आक्रसते.

हे टप्पे असे. नेटवर्क कार्डातला पीएक्सई नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. त्याचे २.१ हे प्रमाण इंटेलने १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. नोडला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो, म्हणून तो नेटवर्कवर सर्वांनाच हाक देतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि कोणत्या सर्व्हरवरून कोणती फाइल घ्यायची तेही सांगतो. मग टीएफटीपीने बूटलोडर येतो आणि बूटलोडर कर्नल आणतो. कर्नल सुरू झाल्यावर पुन्हा एकदा पत्ता मागितला जातो आणि शेवटी मूळ फाइलसिस्टिम जोडली जाते. पडद्यावर ‘पीएक्सई-ई५१’ दिसले तर डीएचसीपीचे उत्तरच आले नाही. ‘ई५३’ दिसले तर उत्तर आले, पण त्यात फाइलचे नाव नव्हते. ‘ई३२’ म्हणजे नाव मिळाले, पण टीएफटीपी सर्व्हरने दाद दिली नाही. ‘ई५३’ समोर असताना केबल बदलत बसणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नोड कधी सुरू होतो, कधी होत नाही, अशी तक्रार असली की लोक यंत्राला लहरी ठरवतात. पण त्या लहरीपणाचाही हिशेब लागतो. पोर्ट जागे होताच स्विच लगेच वाहतूक सोडत नाही. नेटवर्कमध्ये चक्र तयार होऊ नये म्हणून जुना स्पॅनिंग ट्री नियम पोर्टला आधी १५ सेकंद ऐकायला आणि पुढे १५ सेकंद शिकायला लावतो. पीएक्सई चार वेळा हाक देतो आणि अनुक्रमे ४, ८, १६ व ३२ सेकंद वाट पाहतो. म्हणजे हाका जातात शून्याव्या, चौथ्या, बाराव्या आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला. पोर्ट उघडते तिसाव्याला. चारही हाका बंद दारावर आपटतात. पोर्ट पहिल्या हाकेच्या दोन-तीन सेकंद आधी जागे झाले, तर मात्र चौथी हाक निभावते. गंमत अशी, की कर्नल कार्डाचा ड्रायव्हर नव्याने चालू करतो तेव्हा जोडणी क्षणभर तुटू शकते आणि तीस सेकंदांचा फेरा पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा पत्ता मिळालेला नोड दुसऱ्यांदा तिथेच अडतो, तो यामुळे. नोडच्या पोर्टवर ही वाट पाहणे टाळणारी पोर्टफास्ट नावाची सोय चालू केली की दोन्ही तक्रारी मिटतात. सर्व्हरला हात लावावाच लागत नाही.

यावर आक्षेप येईल, की पडद्यावरचा संदेश पुरेसा बोलका नसतो. हे मान्य करायला हवे. संदेश बिघाडाची जागा सांगतो, कारण सांगत नाही. ‘ई३२’मागे टीएफटीपी सेवा बंद असेल किंवा मधला फायरवॉल आडवा येत असेल. टीएफटीपीची मागणी ६९ क्रमांकाच्या पोर्टवर येते, पण सर्व्हर उत्तर वेगळ्याच पोर्टवरून देतो; फक्त ६९ उघडून भागत नाही. कधी फाइल पूर्ण पोहोचल्याची नोंद लॉगमध्ये असते आणि नोड तरीही गप्प असतो. अशा वेळी यूईएफआय यंत्राला जुन्या बायोससाठीची फाइल गेली आहे का, हे आधी पाहावे. म्हणून जागा कळल्यावर सर्व्हरवर टीसीपीडंप लावून खरोखर काय आले, काय गेले ते बघायचे. मागणी सर्व्हरपर्यंत आलीच नसेल तर स्विच तपासा; आली असेल आणि उत्तर गेले नसेल तर सर्व्हर तपासा.

दुसरा आक्षेप जास्त मूलगामी आहे: एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक नोडमध्ये छोटी डिस्क का बसवू नये? कारण शंभर डिस्क म्हणजे कार्यप्रणालीच्या शंभर प्रती, आणि कालांतराने त्या एकमेकींपासून फटकून वागू लागतात. एका नोडवर जुनी लायब्ररी राहते आणि गणिताचे उत्तर तिथे वेगळे येते. हा बिघाड बूटच्या बिघाडापेक्षा घातक, कारण तो दिसत नाही. डिस्कविरहित नोड बिघडला तर निदान उघडपणे थांबतो. या सोयीची किंमत आहेच: सर्व्हर पडला तर एकही नवा नोड उठत नाही, आणि वीज परत आल्यावर सगळे नोड एकदम त्याच्यावर तुटून पडतात. मूळ टीएफटीपी ५१२ बाइटचा एकेक तुकडा पाठवून पोच मिळेपर्यंत थांबतो, म्हणून नोड टप्प्याटप्प्याने चालू करणे आणि मोठ्या फाइल एचटीटीपीवरून देणे शहाणपणाचे. ही किंमत आधी ओळखता येते, तिची तजवीज करता येते. भिन्न झालेल्या शंभर डिस्कचे तसे नाही. म्हणून डिस्क बसवण्याआधी लॉग वाचायची सवय लावावी, आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकाच नोडवर एकच बदल करावा. नाहीतर नोड सुरू झाला तरी कशामुळे झाला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून शोधावे लागते.