मुलाखतीला जाताना : उत्तरांबरोबर प्रश्नही न्या

आपली मंडळी शुक्रवारी एकत्र जमली की नोकरीचा विषय निघतोच, आणि अल खौदमध्ये ते साहजिकही आहे. १९८६ साली येथे सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले. शेजारी रुसैलची औद्योगिक वसाहत आहे आणि संगणक कंपन्यांचे ‘नॉलेज ओएसिस मस्कत’ हे संकुलही जवळच. कोणी ना कोणी मुलाखतीच्या तयारीत असतोच. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. मुलाखती दिल्या, तशा इतरांच्या घेतल्याही. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम परिस्थिती पाहू. २०१४ पासून जुन्या मालकाचा ना हरकत दाखला नसेल, तर देश सोडल्यावर दोन वर्षे ओमानमध्ये नव्या नोकरीवर येता येत नसे. १ जानेवारी २०२१ पासून ही अट गेली आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी झाली. मात्र १९८८ पासून ओमानीकरणाचे धोरणही चालू आहे. जानेवारी २०१८ मध्ये ८७ व्यवसायांसाठी परदेशी लोकांना नवे व्हिसा देणे थांबवले गेले, त्यात आमच्या संगणक क्षेत्रातील पदेही होती. येथे नोकरीवरच सगळ्या कुटुंबाचे राहणे अवलंबून असते. म्हणून मुलाखत ही केवळ परीक्षा न समजता दोन्ही पक्षांची बैठक समजावी. त्यांनी आपल्याला पारखावे, तसे आपणही त्यांना पारखावे.

१. बायोडेटातील प्रत्येक ओळ सांगता आली पाहिजे

समोरच्याच्या हातात आपला बायोडेटा असतो आणि बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात. प्रत्येक कामाबद्दल तीन गोष्टी तयार ठेवा : अडचण काय होती, माझ्याकडे काय होते, फरक काय पडला. आपल्याला स्वतःबद्दल बोलायचा संकोच असतो, त्यामुळे ‘आम्ही पगारपत्रकाची प्रणाली बसवली’ असे म्हणून आपण थांबतो. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘डेटाबेसचे काम माझ्याकडे होते; महिनाअखेरीस सहा तास लागत, ते दीड तासावर आले’ हे सांगणे म्हणजे फुशारकी नव्हे, तो कामाचा हिशेब आहे. येत नसेल ते ‘हे मी वापरलेले नाही’ असे सरळ सांगावे. थाप दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते.

मुलांसाठी काही वर्षे घरी राहिलेल्या आपल्या भगिनींनी त्या वर्षांबद्दल ओशाळू नये. एका वाक्यात कारण सांगावे आणि त्या काळात काय शिकलात, कोणती शिकवणी किंवा कोणते काम केलेत, त्याकडे वळावे.

२. येथील रीतभात

ओमानी माणूस थेट कामाच्या गोष्टीला हात घालत नाही. आधी सलाम, मग ख्यालीखुशाली. घाई दाखवू नये. खजूर आणि कहवा आल्यास उजव्या हाताने घ्यावा. पुरे झाल्यावर छोटा पेला हलकेच हलवला की वाढणारा समजतो. समोर महिला अधिकारी असतील तर त्यांनी हात पुढे केल्यावरच हस्तांदोलन करावे. रमजानमध्ये दिवसा पाण्याची बाटलीसुद्धा समोर काढू नये. पूर्वीच्या मालकाची निंदा कुठेच शोभत नाही, आणि मस्कतसारख्या गावात तर ती लवकर कानोकानी जाते.

पुणे-मुंबईची कंपनी संगणकावरून मुलाखत घेणार असेल, तर वेळ कोणत्या घड्याळाची हे विचारून घ्या. आपले दहा वाजतात तेव्हा तिकडे साडेअकरा झालेले असतात.

३. तब्येतीची तयारी

आदल्या रात्री जागून वाचण्यापेक्षा झोप जास्त उपयोगी पडते. सकाळी पोहे किंवा उपमा असा हलका नाश्ता करावा. रिकाम्या पोटी तीन कप चहा घेतला की हात थरथरतात आणि तोंड कोरडे पडते. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पाणी घरूनच पिऊन निघा. अल खौदहून रुवीकडे जायचे असेल तर सुलतान काबूस मार्गावरची सकाळची गर्दी हिशेबात धरा. अर्धा तास आधी पोहोचलात तर घाम निवतो आणि श्वासही जागेवर येतो.

४. पैशाचे प्रश्न

येथे आपली बरीच मंडळी कमी पडतात. ‘एकूण किती?’ एवढेच विचारून परततात. पगाराचे दोन भाग असतात, मूळ वेतन आणि भत्ते. २०२३ च्या कामगार कायद्यानुसार नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका महिन्याच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. समजा दोन्हीकडे एकूण ७०० रियाल आहेत. एकीकडे मूळ वेतन ४०० आणि दुसरीकडे ५५०. पाच वर्षांनी पहिल्याला २,००० रियाल मिळतील, दुसऱ्याला २,७५०. एकूण पगार सारखा असूनही ७५० रियालचा फरक! ग्रॅच्युइटीच्या जागी आणायची म्हणून जी बचत योजना २०२३ च्या कायद्याने ठरवली, तिच्यातही मालकाचा हप्ता मूळ वेतनाच्या ९ टक्के आहे. म्हणजे इथेही मूळ वेतनच महत्त्वाचे.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतात, तेव्हा पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत :

• व्हिसावर पदाचे नाव काय असेल, आणि ते पद परदेशी व्यक्तींसाठी खुले आहे का?
• मूळ वेतन किती, भत्ते किती?
• आरोग्य विम्यात पत्नी व मुले येतात का?
• विमानाचे तिकीट किती वर्षांनी, आणि किती जणांचे?
• उमेदवारीचा काळ किती? (कायद्याने तो तीन महिन्यांहून अधिक नसावा.)

असे विचारले तर नोकरी हातची जाईल, ही भीती निराधार आहे. मुलाखत घेताना मला तरी असा उमेदवार जबाबदार वाटतो. टिकून राहायचे असते तोच एवढी चौकशी करतो. उलट नोकरी देण्यासाठी आपल्याकडेच कोणी पैसे मागत असेल, तर तिथून उठावे हे उत्तम.

आपल्याकडे लग्नाच्या याद्या आधी होतात, अक्षता मग पडतात. नोकरीतही तोच क्रम पाळावा. ठरलेले सारे सहीशिक्क्यासह कागदावर आल्यावर, तो कागद घरी दोघांनी बसून वाचल्यावरच राजीनामा द्यावा. नोकरी एकाची असली तरी मुलांची शाळा, घराचे भाडे आणि गावी पाठवायचे पैसे त्याच कागदावर उभे असतात.

मुलाखतीला निघालेल्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!