घसरत्या रुपयाची किंमत कोण मोजते?

डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी ९० रुपयांहून अधिक मोजावे लागले, तेव्हा सार्वजनिक चर्चेने नेहमीची दोन वळणे घेतली. एका पक्षाला त्यात राष्ट्राच्या प्रतिष्ठेची हानी दिसली. दुसऱ्याने निर्यातीला चालना मिळेल, असा दिलासा दिला. दोन्ही पक्ष देश म्हणजे जणू एकच कुटुंब आहे, असे गृहीत धरून बोलत होते. वस्तुतः चलनाच्या घसरणीने देशांतर्गत उत्पन्नाची फेरवाटणी होते. ज्याची मिळकत डॉलरमध्ये आहे, त्याच्या पदरी लाभ पडतो. ज्याची मिळकत रुपयात बांधलेली आणि खर्च मात्र जागतिक भावांशी जोडलेला आहे, तो झळ सोसतो. ही फेरवाटणी समजून घेण्यासाठी मुंबईच्या विनिमय बाजारापेक्षा कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर जिल्हा अधिक उपयोगी ठरतो.

गणित साधे आहे. टनाला १००० डॉलर भावाचे पामतेल, डॉलर ८३ रुपयांना असताना ८३ हजार रुपयांना पडते. डॉलर ९० झाला की तेच तेल ९० हजारांना. मलेशियात वा इंडोनेशियात भाव तसूभरही वाढलेला नसतो. भारत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक आणि खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक माल आयात करतो. त्यामुळे ज्या घराचा परदेशी व्यापाराशी सुतराम संबंध नाही, त्याच्या स्वयंपाकघरातही विनिमय दर शिरतो.

तमिळनाडूत मात्र तो चटकन दृष्टीस पडत नाही. येथील शिधावाटप दुकानात तांदूळ विनामूल्य, पामतेल २५ रुपये लिटर आणि तूरडाळ ३० रुपये किलो या दराने मिळते. रुपया घसरला म्हणून हा दर हलत नाही. हलते ती राज्याच्या तिजोरीवरील अनुदानाची रक्कम. युरियाचेही तसेच. ४५ किलोच्या गोणीची किंमत कर वगळता २४२ रुपये ठरलेली असून आयातीचा वाढीव खर्च केंद्र सरकार उचलते. म्हणजे महागाई टळली नाही, तिने केवळ जागा बदलली. दुकानाच्या फळ्यावरून ती अर्थसंकल्पात गेली आणि तेथे शाळा, कालवे व दवाखाने यांच्या वाट्याला येऊ शकणारा पैसा तिने व्यापला.

भातशेतकऱ्याची अवस्था अधिक बिकट आहे. प्रघाताप्रमाणे १२ जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सुटले की तंजावरात कुरुवै हंगामाची लगबग सुरू होते. पोटॅश जवळजवळ संपूर्णपणे परदेशातून येते, स्फुरदयुक्त खतांचा कच्चा मालही बहुतांशी बाहेरचाच. कापणी यंत्रे डिझेलवर चालतात. शेतकऱ्याचे भात मात्र प्रामुख्याने सरकारी खरेदी केंद्रात जाते. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये असून राज्य सरकार त्यावर प्रोत्साहन रक्कम देते. हा भाव रुपयात ठरतो, वर्षातून एकदाच ठरतो. स्वस्त रुपयामुळे भारतीय तांदळाला परदेशी बाजार मिळाला, तरी त्याचा लाभ शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचण्याची हमी नसते. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात सरकारने थांबवली आणि सप्टेंबर २०२४ मध्येच ती पुन्हा खुली केली. खर्चाला जागतिक बाजार आणि उत्पन्नाला सरकारी दरवाजा, असा हा विषम व्यवहार आहे.

कारागिरांची कथा वेगळी नाही. मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेल्या तंजावर चित्रशैलीला सोन्याचा वर्ख लागतो, आणि भारतात वापरले जाणारे सोने जवळजवळ सर्व आयातीचे. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथील मूर्तिकारांना तांबे लागते. २०१८ मध्ये तूत्तुकुडीचा मोठा तांबे प्रकल्प बंद पडल्यापासून शुद्ध तांब्याच्या बाबतीतही भारत निर्यातदाराचा आयातदार झाला आहे. याच गावांत असेही घर आढळते, ज्यातील मुलगा सिंगापूरला वा आखातात कामाला आहे. त्याने पाठवलेल्या तेवढ्याच डॉलरचे आता अधिक रुपये होतात. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांत रुपयाची घसरण एकाला वरदान आणि दुसऱ्याला शिक्षा ठरते.

हा अनुभव नवा नाही. १८७३ नंतर चांदीचे मोल उतरत गेले आणि चांदीवर आधारलेला रुपया सुमारे दोन शिलिंगांवरून वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. त्या काळी तंजावरचा तांदूळ नागपट्टणम बंदरातून सिंहलद्वीपात जात असे. पण तेथेही १८७२ पासून रुपयाच चालत होता. त्यामुळे पौंडाच्या तुलनेतील या घसरणीने त्या व्यापाराला स्वस्ताईचा कोणताही विशेष लाभ दिला नाही. याउलट इंग्लंडला पाठवावयाची ‘होम चार्जेस’ची रक्कम पौंडात मोजली जाई आणि ती फेडण्यासाठी रुपयांत अधिकाधिक महसूल गोळा करावा लागे. अखेर १८९३ मध्ये सरकारला टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद कराव्या लागल्या.

या कालखंडाचे मर्मग्राही विवेचन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात केले आहे. घसरत्या चलनामुळे निर्यातदाराला मिळणारा नफा परदेशी ग्राहकाच्या खिशातून येतो, हा समज त्यांनी खोडून काढला. किमती आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते. या अंतरातून तो नफा निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे राष्ट्राचा लाभ म्हणून मिरवला जाणारा भाग वास्तविक मजुराच्या ताटातून उचललेला असतो.

याचा अर्थ रुपया कोणत्याही किमतीला एका आकड्यावर रोखून धरावा, असा नव्हे. रिझर्व्ह बँकेची गंगाजळी अमर्याद नाही. जून १९६६ मध्ये डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेणारे अवमूल्यन आणि जुलै १९९१ मधील दोन टप्प्यांतील अवमूल्यन यांनी हेच शिकवले, की दीर्घकाळ अडवलेला दर एके दिवशी एकदम कोसळतो. संथ घसरण त्याहून सुसह्य. पण तिची झळ कोणी सोसायची, हा प्रश्न बाजारावर सोपवता येत नाही. खत व अन्न अनुदानातील किती वाढ केवळ विनिमय दरामुळे झाली, ते अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवावे. हमीभाव ठरवताना आयातीत निविष्ठांच्या खर्चाची वर्षाच्या मध्यातही फेरतपासणी व्हावी. किमान वेतन महागाईच्या मागे वर्षानुवर्षे रेंगाळू नये. तेलबिया व डाळींच्या उत्पादनाला भातखरेदीइतकेच निश्चित पाठबळ मिळावे.

निर्यातीचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात आणि त्यांवर चर्चाही होते. कापणीच्या मजुराची रोजंदारी वर्षभरात किती पामतेल आणि किती डाळ विकत घेऊ शकते, याचाही असाच मासिक हिशेब मांडला गेला, तर रुपयाचे खरे मोल देशाला कळेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी व इतिहासाचे अभ्यासक आहेत.)