भिंतीवरून खिशात

अनियतकालिकांचं वेड मला फार जुनं. चार मित्रांनी पदरमोड करून काढलेले आणि दोन-तीन अंकांत बंद पडलेले ते कागद मी अजूनही रद्दीच्या दुकानांतून धुंडाळतो. त्याच नादात ‘प्रिझ्मा’पाशी येऊन पोचलो. आपल्याकडे ‘शब्द’ हे अनियतकालिक निघालं त्याच्या तीसएक वर्षं आधी ब्युनोस आयरेसमध्ये निघालेलं हे नियतकालिक कुठल्याही दुकानात मिळत नव्हतं. ते भिंतीवर डकवलेलं असे आणि तिथेच उभं राहून वाचायचं असे.

त्यामागचं डोकं होर्हे लुईस बोर्हेसचं. चक्रव्यूहांचा, आरशांचा, दृष्टी गमावलेला ग्रंथपाल बोर्हेस आपल्या परिचयाचा आहे. 1921 मधला बोर्हेस बावीस वर्षांचा होता आणि सात वर्षं युरोपात काढून कुटुंबासह नुकताच घरी परतला होता. येताना त्याने स्पेनमधून ‘अल्ट्राइझम’ ही काव्यचळवळ आणली. यमक नको, नक्षीकाम नको, जोडकामाचे शब्द नकोत, रूपक तेवढं राहू द्या, असा तिचा आग्रह. असल्या कविता छापणार कोण? स्वतःचं मासिक काढायला पैसे नव्हते. रस्त्यावरच्या जाहिराती पाहून त्याला वाटलं, कविताही अशाच लावता येतील की!

पहिला अंक डिसेंबर 1921 चा, दुसरा मार्च 1922 चा. तिसरा निघालाच नाही. अंक म्हणजे एकच मोठा कागद. त्यावर एक जाहीरनामा, सहा-आठ अगदी छोट्या कविता आणि बोर्हेसची बहीण नोरा हिने लाकडात कोरलेल्या चित्राचा ठसा. कवितांच्या चहूबाजूंनी भरपूर कोरी जागा सोडलेली. या कोऱ्या जागेचं मला फार अप्रूप वाटतं. पैशांची एवढी चणचण असताना कुणीही कागद ठासून भरला असता. बोर्हेस आणि त्याच्या मित्रांनी तसं केलं नाही. कवितेला श्वास घ्यायला जागा लागते हे त्यांना विशीतच कळलं होतं. जाहीरनामा मात्र आज वाचताना बराच आरडाओरडा वाटतो. नोराचं चित्र त्याहून कितीतरी टिकाऊ निघालं, आणि या प्रकरणाच्या बहुतेक हकीकतींत तिच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, हा सरळ अन्याय आहे.

खळीचे डबे आणि ब्रश आईने, लिओनोरने दिले. रात्री बोर्हेस, त्याचा चुलतभाऊ गियेर्मो हुआन, गोन्सालेस लानुसा आणि पिन्येरो असे चौघे बाहेर पडत आणि सांता फे, कायाओ, एन्त्रे रिओस, मेहिको या रस्त्यांवर मैलोन्‌मैल चालत कागद चिकटवत जात. कायाओ रस्ता रिवादाविया हा रस्ता ओलांडून दक्षिणेला गेला की त्याचंच नाव एन्त्रे रिओस होतं. म्हणजे ही पोरं एकच लांबलचक रस्ता धरून शहराच्या श्रीमंत उत्तरेकडून साध्यासुध्या दक्षिणेकडे कविता लावत गेली असणार, असं नकाशा पाहताना वाटतं. बहुतेक कागद गोंधळलेल्या लोकांनी जवळजवळ लगेच फाडून टाकले.

एक कागद मात्र आल्फ्रेदो बियांकी यांच्या नजरेला पडला. माझ्या लेखी या गोष्टीचा नायक हाच माणूस. रोबेर्तो जुस्ती यांच्यासह 1907 मध्ये त्यांनी ‘नोसोत्रोस’ हे मासिक सुरू केलं होतं. मासिक भारदस्त, प्रस्थापित. जाहीरनाम्याचा सगळा रोष ज्या वाङ्मयीन जगावर, त्याच जगातलं. तरीही बियांकींनी या मुलांना बोलावलं, आणि सप्टेंबर 1922 च्या ‘नोसोत्रोस’मध्ये अल्ट्राइस्ट कवितांचं एक छोटं संकलन छापून आलं. रस्त्यावरचा कागद वाचून कवींचा शोध घेणारा संपादक कुठल्याही भाषेत विरळाच.

पुढच्या वर्षी बोर्हेसचा पहिला संग्रह, ‘फेर्वोर दे ब्युनोस आयरेस’ आला. वडिलांच्या डोळ्यांवरील उपचारांसाठी कुटुंब पुन्हा युरोपला निघालं होतं, म्हणून छपाई पाच दिवसांत उरकलेली. 300 प्रती, मुखपृष्ठावर पुन्हा नोराचा ठसा, पानांना क्रमांकसुद्धा नाहीत. त्यातल्या पन्नास-शंभर प्रती घेऊन तो बियांकींकडे गेला. या मी विकायच्या का, असं त्यांनी चकित होऊन विचारलं. बोर्हेसची विनंती वेगळीच होती: ‘नोसोत्रोस’च्या कचेरीत येणारे लोक ओव्हरकोट काढून बाहेर टांगतात, त्यांच्या खिशांत ही पुस्तकं सरकवून द्यावीत. बियांकींनी ते केलं.

ही हकीकत बोर्हेसने 1970 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, इंग्रजीतल्या आत्मकथनपर निबंधात सांगितली. त्यात थोडा मीठमसाला असेलही. पण भिंतीपेक्षा खिसा ही कल्पना मला जास्त मोलाची वाटते. भिंतीवरची कविता सगळ्यांसाठी होती, त्यामुळे खास कुणाचीच नव्हती. ती फाडताना कुणाला काही तोडल्यासारखं वाटलं नाही. खिशातलं पुस्तक घरी गेल्यावर एकट्याच्या हाताला लागणार, आणि ते कुणी ठेवलं हे कळेपर्यंत दोन पानं वाचून झालेली असणार. वर्षभराने बोर्हेस परतला तेव्हा त्यातल्या काहींनी कविता वाचल्या होत्या, आणि एक-दोघांनी तर त्यावर लिहिलंही होतं.

अल्ट्राइझमशी त्याने पुढे नातं तोडलं. ‘फेर्वोर’ मात्र तो कित्येक दशकं दुरुस्त करत राहिला. कविता गाळल्या, ओळी बदलल्या. त्यामुळे आज आपण वाचतो ती आवृत्ती त्या ओव्हरकोटांच्या मालकांना मिळालेली नव्हे.