हिंदेलोपनचे चीट

चिटाचा परकर, चिटाची उशी हे शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकले असतील. चीट म्हणजे फुलापानांची नक्षी असलेले सुती कापड. डच लोक त्यालाच ‘सिट्स’ म्हणतात, आणि हे साम्य योगायोगाचे नाही.

नेदरलँड्सच्या उत्तरेस, फ्रीसलँड प्रांतात हिंदेलोपन नावाचे लहानसे बंदर आहे. तिथल्या स्त्रिया अठराव्या शतकात ‘वेंटके’ नावाचा पायघोळ, पुढून उघडा अंगरखा घालीत. आनंदाच्या दिवशी तांबडी नक्षी, दुखवट्यात निळी-पांढरी. वेश इतका निराळा, की पाहणाऱ्याने गाव ओळखावे. पण या अस्सल गावच्या पोशाखाचे कापड यायचे आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून! १६०२ साली स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी ते ॲमस्टरडॅमला नेई. हिंदेलोपनचे दर्यावर्दी तिथून घरी आणीत.

युरोपात विणकर काय थोडे होते? मग हेच कापड का? तर धुतले तरी त्याचा रंग जात नसे.

यात रसायनशास्त्र आहे. सुती धाग्याला तांबडा रंग आपणहून नीट चिकटत नाही. म्हणून आपले कारागीर कापड आधी हिरड्याच्या काढ्यात व म्हशीच्या दुधात भिजवीत. दुधातील स्निग्धांशामुळे पुढची रेघ फुटत नसे. मग नक्षीत जिथे तांबडे हवे तिथे कलमाने तुरटीचे पाणी भरीत आणि सगळे कापड चायवेर नावाच्या मुळ्यांच्या पाण्यात उकळीत. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला व दुसऱ्या बाजूने मुळीतील ॲलिझरिनला धरून ठेवते. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. तुरटी नसलेल्या जागचा रंग धुण्याने आणि उन्हाने निघून जाई. निळ्यासाठी मात्र बाकीचे कापड मेणाने झाकून ते निळीच्या पिंपात बुडवावे लागे.

या कापडापुढे स्वतःचा माल खपेना, तेव्हा फ्रान्सने १६८६ मध्ये व इंग्लंडने १७२१ मध्ये त्यावर बंदी घातली. डचांनी घातली नाही. हिंदेलोपनला ते मिळत राहिले. पुढे १७४२ साली कर्दू या फ्रेंच पाद्र्याने येथील रंगाऱ्यांकडून ही कृती जाणून घेऊन पत्राने फ्रान्सला कळवली. पाद्र्याचे नाव इतिहासात राहिले. रंगाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

काळ्या रेघेची कृती तुम्हांला घरी करता येईल. लोखंडी खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा. पांढरे सुती फडके हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवा. त्या पिवळट फडक्यावर खिळ्यांच्या पाण्याने काडीने रेघ ओढा. ती पाहता पाहता काळी होईल. मग साबण लावून धुऊन पाहा.