कुंपण आहे, पण चढता येतं

शेततळ्याला कुंपण घातलं की काम झालं, असं मलाही वाटत होतं. एकदा आठ वर्षांच्या भाच्याला मुद्दाम म्हटलं, ‘चढून दाखव बरं.’ मी आतल्या बाजूला उभा होतो. पठ्ठ्यानं जाळीला नीट हातही लावला नाही. कोपऱ्यातल्या खांबाच्या तिरक्या टेकूवर पाय दिला आणि वरून म्हणाला, ‘मामा, इथनं सोपंय की!’

मला घाम फुटला. तळ्यात अंथरलेलं प्लॅस्टिक ओलं, शेवाळलेलं असलं की पट्टीचा पोहणाराही काठावर येताना घसरतो.

नवं कुंपण परवडत नाही, पण आहे तेच चढायला अवघड करता येतं. चढणाऱ्याला पाय टेकायला जागा लागते आणि हाताला धरायला काठ. ऑस्ट्रेलियात घरच्या पोहण्याच्या तलावांसाठी याची मापंच ठरलेली आहेत. जाळीची भोकं १३ मिलिमीटरपेक्षा लहान असतील, तर १.२ मीटर उंची चालते. भोकं त्याहून मोठी असतील, तर १.८ मीटर लागते. आपली नेहमीची दोन इंची जाळी साधारण ५० मिलिमीटरची. त्यात पोराचा अंगठा आरामात अडकतो. आडव्या काटेरी तारा तर शिडीच! काट्यांनी चड्डी फाटते, पोरगं थांबत नाही.

म्हणून मी जुन्या जाळीवर बाहेरून अर्धा इंची वेल्डमेश बसवली, अगदी जमिनीपासून. शेडनेट स्वस्त पडतं, पण आत कोणी पडलं तर बाहेरून दिसत नाही. मला ते पटलं नाही. टेकूंच्या त्रिकोणावर पत्रा मारला, कडा दुमडून.

उंची मोजायची ती पोर जिथं उभं राहतं तिथून. कुंपणालगत मातीचा भराव, दगडांचा ढीग, द्राक्षांचे क्रेट, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी असतील, तर पाच फुटांचं कुंपण तीन फुटांचं होतं. मी हे सगळं चार पावलं लांब नेलं. भराव हलवायला मात्र दोन दिवस गेले.

मग भाच्याला परत बोलावलं. बराच वेळ खटपट करून तो सरळ फाटकाकडे गेला. फाटकाच्या आडव्या पट्ट्या मी विसरलोच होतो!

आता तिथंही पत्रा आहे, कडी आतून आणि उंचावर. शिवाय खांबाला बांधलेला, गाठी मारलेला दोर तळ्यात सोडलाय. त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे कॅन तरंगतात.