कंपनी झोपते, पॅन जागा राहतो

समजा, कोथरूडमधल्या दोन भावांनी हापूसचा पल्प परदेशी पाठवायचा म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. एक लाखाचं भांडवल घातलं आणि ब्रँडचं नावही नोंदवून घेतलं. ऑर्डर येण्याआधीच धाकट्याला जर्मनीत नोकरी लागली. नाव सोडायचं नाही आणि धंदाही आत्ता करायचा नाही. सीए सुचवतो, "डॉर्मंट करून ठेवा." दोघांना वाटतं, चला, कागदपत्रांची कटकट संपली.

कटकट संपत नाही, निम्मी होते. डॉर्मंट, म्हणजे झोपलेली कंपनी, हा दर्जा कंपनी कायद्याचा आहे. प्राप्तिकर खात्याच्या लेखी असा काही दर्जा नाही.

आधी दर्जाचं पाहू. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४५५ नुसार दोन प्रकारच्या कंपन्यांना तो मिळतो : पुढच्या एखाद्या प्रकल्पासाठी किंवा मालमत्ता, बौद्धिक संपदा बाळगण्यासाठीच काढलेली, आणि दोन आर्थिक वर्षं धंदा न केलेली. विशेष ठराव करायचा, किंवा सगळ्या भागधारकांना नोटीस देऊन मूल्याने तीन चतुर्थांश भागधारकांची संमती घ्यायची आणि आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकाकडे, एमएससी-१ हा फॉर्म भरायचा. मंजुरीचं प्रमाणपत्र एमएससी-२ म्हणून येतं. मात्र कराची थकबाकी असेल तर अर्ज करता येत नाही, म्हणून आधी जुनी रिटर्नं आणि देणी उरकून घ्यावीत.

या दर्जात चारच व्यवहार चालतात : आरओसीची फी, कायद्याने करावी लागणारी देणी, कायद्यापोटी केलेलं शेअरवाटप, आणि ऑफिस व दप्तर सांभाळण्याचा खर्च. इथे लोक हमखास फसतात. भांडवलातले उरलेले ऐंशी हजार "पडून कशाला राहायचे" म्हणून एफडीत जातात. व्याज काही या चारांत बसत नाही, म्हणजे दर्जाच धोक्यात. शिवाय त्या व्याजावर पहिल्या रुपयापासून कर, कारण माणसाला असते तशी करमुक्त मर्यादा कंपनीला नाही. पैसे चालू खात्यातच राहू द्यावेत, हे माझं मत.

आता प्राप्तिकर. उत्पन्न असो-नसो, कंपनीला दरवर्षी आयटीआर-६ भरावाच लागतो, डिजिटल सहीनिशी. निल रिटर्न म्हणजे कोरा फॉर्म नव्हे. विक्रीच्या रकान्यात शून्य येईल, पण ताळेबंदात एका बाजूला एक लाखाचं भांडवल आणि त्यातून वजा दाखवलेला साठत गेलेला तोटा, दुसऱ्या बाजूला बँकेतली शिल्लक. ऑडिट फी द्यायची राहिली असेल तर तीही देणं म्हणून दिसली पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. सहीचा डोंगल कपाटात, त्याची मुदत संपलेली आणि पासवर्ड धाकट्याच्या डोक्यात, हा प्रकार शेवटच्या तारखेला कळतो. रिटर्न न भरल्यास खटला होऊ शकतो. करच लागत नाही किंवा अगदी थोडा लागतो त्यांना यातून सूट होती. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कंपन्यांसाठी ती काढून घेतली, रोख होता कागदोपत्री कंपन्यांवर.

तारखांचीही गंमत आहे. प्राप्तिकराला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत, पण आरओसीकडचा वार्षिक एमएससी-३ आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत, तोही ऑडिट झालेला. म्हणजे एप्रिलमध्येच ऑडिट. झोपलेल्या कंपनीचं ऑडिट चालत्या कंपनीच्या आधी!

जीएसटी नंबर असेल तर तो रद्द करून टाकावा. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. नंबर ठेवायचाच असेल तर निल जीएसटीआर-३बी १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतो. महाराष्ट्रात व्यवसाय कराचीही आठवण ठेवा. नव्या कंपनीला नोंदणीबरोबरच त्याचा नंबर मिळतो. तो चालू असेपर्यंत खात्याच्या खतावणीत कंपनीच्या नावे वर्षाला २,५०० रुपये मांडले जात राहतात.

सलग पाच वर्षं डॉर्मंट राहिली की आरओसी कंपनीचं नाव काढून टाकायची प्रक्रिया सुरू करतो. त्याआधी धाकटा परतला आणि पल्पची ऑर्डर घेतली, तर दर्जा मोडणारा व्यवहार झाल्यापासून सात दिवसांत एमएससी-४ भरायचा. सोबत त्या वर्षाचा एमएससी-३ हवाच.