गाणे आणि जाहिरात

रेडिओवर गाणे रंगात येते आणि मध्येच साबणाची जाहिरात लागते. आपण चिडतो. पण गाणी ऐकवायलाही खर्च येतो. तो जाहिरात देणारा व्यापारी भरतो.

१९५२ साली सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, रेडिओवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. खर्च टूथपेस्टवाल्यांचा. पण अमीन सयानी आपुलकीने बोलत, आवडीची गाणी लावत. लोक बुधवारची वाट बघत आणि टूथपेस्टचे नावही तोंडी बसले.

जाहिराती फार झाल्या, तर आपण रेडिओ बंद करतो. ऐकणारेच उठून गेले, तर व्यापारी पैसे कशाला देईल? म्हणून जाहिरात मिठाएवढीच बरी.

आपणही एक ध्यानात ठेवू. चाल गोड म्हणून माल घेऊ नये, पारखून घ्यावा.